हातचा कुठी गेला?

भाऊ बेरीज करायला लागले की डाव्या हाताची मूठ मिटायचे. उजव्या हाताने फळ्यावर आकडे मांडायचे, नऊ आणि आठ सतरा, सात खाली, आणि "हातचा एक" असं पुटपुटत डावी मूठ आवळायचे. पुढच्या घरात तो एक मिळवून झाला की मूठ सोडायची, पुन्हा लागला तर पुन्हा मिटायची. हातचा आपण सगळेच शाळेत शिकलो. कुणी तो डोक्यात धरतं, कुणी पाटीच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवतं. भाऊंचा खरोखर हातात असायचा. लिफ्टमध्ये किंवा कॅन्टीनच्या रांगेत डावी मूठ उघडझाप करत उभा असलेला पन्नाशीचा, सावळा, किडकिडीत माणूस दिसला की आम्ही समजायचो, यांची बेरीज चालू आहे, आत्ता बोलायचं नाही.

आणि तोंडात कायम एक वाक्य. "हातचा कुठी गेला?" कुणाच्याही बोलण्यात मधलं काही गळलं की हे वाक्य ठरलेलं. एकजण ताडोब्याला जाऊन आला आणि जिप्सी, रिसॉर्ट, जेवण असं सगळं रंगवून सांगायला लागला, तर भाऊ म्हणाले, "आन वाघ? हातचा कुठी गेला बे?" मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाले, या महिन्याचं काम वेळेत चाललं आहे. भाऊंनी बोट वर केलं. "मंग मागच्या मयन्याचा हातचा कुठी गेला, सर?" आम्ही खाली मान घालून हसलो. मॅनेजर हसले नाहीत. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याच्यासमोर गोल गोल बोलायची सोय नसते. अशा माणसाचा राग येतो, आणि तो रजेवर गेला की करमत नाही.

प्रताप नगरच्या पुढे एका काचेच्या इमारतीत आमची कंपनी होती. आम्ही गोदामांची इलेक्ट्रॉनिक कुलपं करायचो. या कुलपांची किल्ली म्हणजे एक आकडा, शेकडो अंकांचा. कुलूप त्या आकड्यावर गुणाकार-भागाकार करून पाहतं आणि उत्तर जुळलं तरच उघडतं. कुलपाचे नियम लिहायला कंपनीची स्वतःची एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा होती, आणि एवढे मोठे आकडे त्या भाषेला येत नव्हते. एका मर्यादेपुढे ती बिनदिक्कत खोटं उत्तर द्यायची. असले हिशेब करणारा तयार कोड जगात फुकट मिळतो. पण ग्राहकाच्या वकिलांनी अट घातली होती की कुलपाच्या आत बाहेरचं काहीही नको. म्हणून त्या भाषेला मोठे आकडे शिकवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा भाग, भाऊंनी एकट्याने लिहायला घेतलं.

नव्या मुलांना ते समजावून सांगायचे ते मी कितीदा तरी ऐकलं आहे. "हे पाय, कॉम्प्युटरच्या एका डब्यात ठरलेल्या मापाचाच आकडा मावते. लय मोठा असला त तोडाचा आन ओळीनं डब्याइत भराचा. मंग बेरीज कराची एकेका डब्याची, उजवीकडून. डब्यात मावला नाही तो हातचा. पुढच्या डब्यात टाकाचा. चवथीत शिकला का नाही? बस, थेच. फक्त डब्बे मोठे हाय." मुलं पुस्तकातून अवघड अवघड शब्द शिकून आलेली असायची. ती मान डोलवायची आणि हातचा विसरायची.

कोडमध्येसुद्धा त्यांनी त्याचं नाव 'हातचा'च ठेवलं होतं. रोमन अक्षरांत, सगळीकडे. पुण्याच्या ऑफिसातून विचारणा आली, हा हातचा कोण? कुणाचं आडनाव आहे का? नाव बदलून रीतसर 'कॅरी' करा. भाऊ भडकले. "कॅरी म्हंजे काय? वाहून नेणं. वाहून त नालाही नेते. इथं हातात धराचं हाय, वाहून न्याचं नाही." त्यांनी पुण्याला काय उत्तर पाठवलं कोण जाणे, पण नाव तसंच राहिलं.

माझं काम त्यांच्या चुका काढायचं. मी टेस्टर. माझ्या वडिलांची कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत आहे. लहानपणी मी त्यांना पोत्यात टोकदार नळी खुपसून मधलं धान्य बाहेर काढताना पाहायची. वरचं धान्य बघून माल घेतला तर धंदा बसतो, असं ते म्हणायचे. मी भाऊंना हे एकदा सांगितलं, तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'कळमन्याची पोट्टी' झाले. मी त्यांच्या कोडमध्ये वाकडेतिकडे आकडे खुपसायचे, सगळे नऊ, सगळी शून्यं, एकच अंक पुढे आणि बाकी मोकळं. कुठे फुटलं की जाऊन त्यांच्या टेबलाशी उभी राहायचे. ते चष्म्यावरून बघायचे आणि चेहरा खुलायचा. "सापडली काय वं?"

चूक सापडली की चहा त्यांनी करायचा, असा आमचा रिवाज होता. टेबलाखाली त्यांनी एक छोटी इंडक्शनची शेगडी लपवून ठेवली होती, नियमाविरुद्ध. आलं किसायला खिशात छोटी किसणी. कंपनीच्या मशीनचा चहा ते हात धुवायच्या लायकीचा मानायचे. चूक जेवढी खोल, तेवढं आलं जास्त. गुणाकारात मी एकदा अशी चूक काढली की घसा दिवसभर जळत होता. स्वतःची चूक सापडल्यावर एवढा खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग चुका वाढायला लागल्या.

पहिल्यांदा मला वाटलं, घाई झाली असेल. बेरजेचा भाग वर्षभरापूर्वी पक्का झालेला होता, त्याला भाऊंनी कारण नसताना हात लावला आणि हातचा पहिल्याच डब्यात सोडून दिला. मी दाखवलं, तर ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. "सापडली काय वं" म्हणाले नाहीत. चहा केला, तो मीठ घालून. मी प्यायले आणि गंमत केली असेल म्हणून हसले. ते हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात शेगडीवर भांडं करपलं, धूर झाला, सायरन वाजला आणि शेगडी जप्त झाली. आमच्यातल्या मुलांनी नक्कल केली, "भाऊ, हातचा कुठी गेला?" आणि भाऊंनी खरंच खाली वाकून टेबलाखाली पाहिलं.

मे महिन्यातली दुपार होती. जेवणाच्या सुट्टीत ते मला म्हणाले, चाल खाली. पार्किंगच्या पत्र्याखाली गाड्यांच्या सीटा तापल्या होत्या. भाऊ एका खांबाला टेकून उभे राहिले.

"दवाखान्यात जाऊन आलो," ते म्हणाले. "डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणे, थेच हाय."

"काय तेच?"

"माह्या बाले झालं होतं थे. खाप्याले, आमच्या गावी, हातमाग होता. बा धोटा फेकाचा आन मंधातच थांबाचा. कोणता धागा चालू होता, आठवेच नाही. कालचं विणलेलं पाहून म्हणे, हे कोणं विणलं? मंग एक दिवस मले इचारलं, तू कोणाचा पोरगा गा? बाले म्हातारपणी झालं. मले आताच होऊन राहिलं."

मी उपचार, औषधं, मुंबईचे डॉक्टर असलं काहीतरी बोलायला लागले, तर त्यांनी हात हलवून गप्प केलं.

"थे सगळं तुही वहिनी पाहून राहिली. नर्स हाय, तिले कळते. तुले दुसरं सांगाचं हाय. बेरीज, वजाबाकी, गुणाकार झाला. भागाकार बाकी हाय. थो मीच करीन. डोकं हाय तवरी." डावी मूठ त्यांनी नकळत मिटली होती. "आयुष्यभर लोकाइच्या कोडात ठिगळं लावली वं. हे एक मी शून्यापासून करून राहिलो. अर्धं सोडून नाही जाणार."

"होईल की भाऊ."

"थांब. अजून एक. माह्यावर दया करून एकही टेस्ट पास नको करजो. चूक दिसली का लिहून टाकाची. मॅनेजरले कळलं त कळू दे. ज्या दिवशी माही चूक पाहून तू गप बसशीन ना, त्या दिवसापासून मले तुह्या 'बरोबर हाय'चा भरोसा नाही राहणार. मंग मी कोणाले इचारू?"

मी हो म्हणाले.

"असं नाही. कळमन्यासारखं बोल."

"हौ भाऊ."

तो शब्द मी पाळला. पाळणं फार वाईट होतं. दर आठवड्याला त्यांच्या नावापुढच्या चुकांची रांग वाढत गेली आणि ती प्रत्येक चूक मी लिहिली. मॅनेजरच्या तक्त्यात भाऊंची रेघ वर चढत होती. मुलं त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघायला लागली. मला रडू यायचं आणि रागही यायचा, कुणावर ते कळायचं नाही. भाऊ मात्र प्रत्येक चूक पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होते. भागाकार पुढे सरकत होता.

भागाकारात एक गंमत आहे आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भागाकारात अंदाज करावा लागतो. भाऊंनी फळ्यावर उदाहरण मांडलं होतं, ४८५० भागिले ६९८. एवढा मोठा भाजक, म्हणून आधी त्याचे पुढचे दोनच अंक बघायचे. ६९ साते ४८३, ते ४८५ मध्ये बसतात, म्हणजे सात जातील. पण खरा भाजक ६९८, आणि ६९८ साते ४८८६. छत्तीस जास्त झाले. म्हणजे सात नव्हे, सहाच. एक परत करायचा. माणसाला हे दिसतं. यंत्राला शिकवावं लागतं, की अंदाज जास्त झाला तर वजा केलेलं थोडं परत मिळव. अडचण अशी, की डबे मोठे असले की हा प्रसंग जवळजवळ कधीच येत नाही. अब्जावधी भागाकार केले तरी ती वाट उघडत नाही. भाऊंनी ती वाट लिहून ठेवली होती, पण तिच्यावरून एकही आकडा गेलेला नव्हता.

माझ्या सगळ्या चाचण्या पास झाल्या. मॅनेजर म्हणाले, झालं, सही करा. भाऊ अस्वस्थ होते. "लय सुदं, सरळ चालून राहिलं वं. त्या वाटेनं कोणी गेलंच नाही. मी तुले आकडा काढून देतो, मोठा. थो बरोबर तिथंच जाईन." आणि ते फळ्यापाशी उभे राहिले. नेमकी त्या दिवशी ग्राहकाकडची माणसं आलेली होती. काचेच्या खोलीत सगळे बसलेले, आणि बाहेर फळ्यावर भाऊंनी ४८५० भागिले ६९८ लिहिलं. ६९ साते ४८३. मूठ मिटली. मग ते थांबले. मुठीकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. मी जवळच होते.

"हे काय पकडून ठेवलं मीनं?" त्यांनी मला विचारलं. "हा हातचा कशाचा हाय वं?"

त्या पायरीला हातचा नव्हताच. मी तसं हळूच सांगितलं. त्यांनी मूठ उघडून तळवा पाहिला, पुन्हा मिटला, आणि सगळं पुसून पहिल्यापासून लिहायला लागले. पुन्हा ४८३ वर थांबले. पुन्हा पुसलं. काचेपलीकडे बोलणं थांबलं होतं. शेवटी मी डस्टर त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, भाऊ, चहा घेऊ.

महिन्याभरात निरोपसमारंभ झाला. 'विश्रांतीची गरज आहे' असं मॅनेजर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. केकवर 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' लिहिलं होतं. भाऊंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, आणि माझ्याकडे झुकून विचारलं, "कोणाचा वाढदिवस हाय वं?"

मी सही केली नव्हती. मॅनेजरना सांगितलं, एक वाट तपासायची राहिली आहे. ते म्हणाले, अब्ज चाचण्या पास झाल्या, आता काय उरलं? मी म्हणाले, वरचं धान्य बघून मी माल घेत नाही. भांडण झालं. थोडी मुदत मिळाली, ती माझ्या तोंडाळपणामुळे.

फळ्यावरचे आकडे माझ्या डोक्यात होते. त्याच मापाने मी मोठा आकडा रचायला घेतला, दहाच्या जागी डब्याचं माप घालून. चुकत-माकत जमला. चालवला, आणि भागाकाराचं उत्तर चुकलं. ती वाट पहिल्यांदाच उघडली होती आणि तिथे खरंच खड्डा होता. कोडमध्ये कुठे, ते मला कळेना. त्या रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी भाऊंच्या घरी गेले.

वहिनींनी दार उघडलं. रात्रपाळी करून आल्या होत्या, डोळे तांबारलेले. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी एक पांढरा फळा लावला होता, त्यावर लिहिलेलं: गॅस बंद. डावीकडचं दार संडास. मी ड्युटीवर आहे, संध्याकाळी येते. भाऊ त्याच्याखाली खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, भांग पाडलेला. मला बघून त्यांनी लगेच ओळखलं.

"आज बरे हायत," वहिनी हळूच म्हणाल्या. "बोलून घे, जे बोलाचं थे."

मी म्हणाले, "भाऊ, सापडली."

तो चेहरा मी किती दिवसांनी पाहिला! "सापडली काय वं? भागाकारात? त्या वाटेवर?" ते उठलेच. फळ्यावरचं 'गॅस बंद' त्यांनी तळहाताने पुसून टाकलं. मी ४८५० भागिले ६९८ एवढंच सांगितलं आणि बाजूला झाले.

६९ साते ४८३. या वेळी थांबले नाहीत. ६९८ साते ४८८६. "जास्त झाले," ते म्हणाले. "४८५० मधून जात नाही. यंत्र काय करते? पुढच्या डब्यातून एक उसना घेते. १४८५० मधून ४८८६ गेले, ९९६४. मंग म्हणते, अरे, चुकलं, एक परत करा. त्याच्यात ६९८ मिळवते." ते बेरीज करायला लागले. चार आणि आठ बारा, मूठ मिटली. सगळी घरं झाली आणि उत्तर आलं १०६६२. पुढचा तो एक डाव्या मुठीत होता. भाऊ पुढच्या घराकडे हात नेऊन थांबले.

बाहेर कुणीतरी कूलरमध्ये पाणी भरत होतं. भाऊ मुठीकडे बघत होते. मला वाटलं, गेलं, पुन्हा त्या दिवसासारखं होणार. आणि ते हसायला लागले.

"बाप्पा! मीनं हातचा पुढं टाकला ना कोडात?"

मी कोड उघडून दाखवला. टाकलाच होता. दुसरं करतील कसे? जन्मभर ज्याने हातचा सोडला नाही, तो इथे तरी कसा सोडेल?

"चुकलं वं माहं. हा हातचा आपला नाहीच. हा थोच, उसना घेतलेला. परत आला बिचारा. ह्याले पुढं न्याचं नाही. सोडून द्याचा." त्यांनी मूठ उघडली. फळ्यावर १०६६२ मधला पहिला एक पुसला. ६६२ उरले. सहा गेले, बाकी ६६२. बरोबर.

मग त्यांनी खुर्ची ओढली, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि ती ओळ स्वतः बदलली. बोटं हळू चालत होती, पण चुकली नाहीत. शेजारी शेरा लिहिला, पहिल्यांदाच देवनागरीत. 'इथं हातचा सोडून द्याचा.' मी चाचणी चालवली. पास झाली. जुन्या सगळ्या पुन्हा चालवल्या. सगळ्या पास. वहिनी दारात उभ्या राहून तोंडावर पदर धरून रडत होत्या. भागाकार झाला होता. भाऊंनी केला होता.

"चहा माह्याकडे," भाऊ म्हणाले आणि आत गेले. वहिनी मागोमाग गेल्या, गॅससाठी.

चहा आला. भरपूर आलं होतं. भाऊंनी माझ्या हातात कप दिला, खुर्चीत बसले, आणि उत्सुकतेने माझ्याकडे पाहिलं.

"मंग? सापडली काय वं, चूक?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

"सापडली भाऊ. तुम्ही सुधारलीपण. आत्ताच."

"कवा?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. ते वाकले, चष्मा सारखा केला, ओळ वाचली. पुन्हा वाचली. कपाळावर आठी पडली.

"हे कोणं लिहिलं?"

"तुम्ही."

"मी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी हातचा सोडीन?"

मी फळा दाखवला, ६६२ दाखवले, उसना एक समजावून सांगायचा प्रयत्न केला. मला तो त्यांच्यासारखा सांगता येत नव्हता. ते ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला काहीतरी मिटत जाताना दिसत होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "काहून वं असं केलं? मीनं तुले सांगतलं होतं ना. दया करून पास केलं तुनं मले."

"नाही भाऊ. शप्पत."

"हातचा सोडून कुठं बेरीज होते काय? तुनंच लिहिलं हे. भागाकार बाकीच हाय." त्यांचं बोट ती ओळ खोडायला बटणाकडे गेलं. मी लॅपटॉप मिटला. जोरात मिटला. त्यांचं बोट मधे आलं असतं. ते दचकले आणि त्यांनी लहान मुलासारखा हात मागे घेतला. माझा चहा तसाच राहिला.

सगळं हातून जाऊनही पार्किंगमधलं ते बोलणं तेवढं त्यांच्यात शाबूत होतं. नेमकं तेच का राहावं, हे मला आजवर कळलेलं नाही. नियतीचा, देवाचा, कुणाचा असेल त्याचा मला या एका गोष्टीसाठी राग आहे.

कुलपं विकली गेली. ती उघडतात आणि बंद होतात. पुण्याच्या लोकांनी नंतर कोड साफसूफ केला, सगळीकडे हातचाचा 'कॅरी' झाला. ती एक ओळ आणि तिचा शेरा मी पुसू दिला नाही. इंग्रजीत लिहा म्हणाले, मी म्हणाले, मग सही करणार नाही. त्या ओळीला अजून तिथे कुणी हात लावत नाही.

मी रविवारी जात राहिले. भाऊ मला आधी 'कळमन्याची पोट्टी' म्हणून ओळखायचे, मग नुसती 'पोट्टी' म्हणून, मग कुणी म्हणूनच नाही. पण कुणीही आलं तरी एवढं सांगायचे, "भागाकार बाकी हाय." झाला म्हटलं की मान फिरवायचे. बाकी आहे म्हटलं की कासावीस व्हायचे, उठायला बघायचे. शेवटी मी काही म्हणेनाशी झाले. पुढे बोलणं गेलं, चालणं गेलं. डावा हात आखडून मूठ मिटली ती मिटलीच. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून वहिनी त्या मुठीत कापसाच्या पट्टीची गुंडाळी करून सरकवायच्या. रोज बदलायच्या.

ते गेले त्या सकाळी मी पोचले तेव्हा वहिनी त्यांना पुसून काढत होत्या. वस्तीतल्या बुद्ध विहारातली माणसं बाहेर जमली होती, आत आम्ही दोघीच. त्यांनी कापसाची पट्टी काढली आणि बोटं सरळ करायला लागल्या. एवढ्या जणांचे हात सरळ केलेली बाई, पण होईना. मी दुसऱ्या बाजूने धरलं. वाकून मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "भाऊ, इथं हातचा सोडून द्याचा."

मूठ सुटली नाही.

"राहू दे वं," वहिनी म्हणाल्या आणि पांढरी चादर वर ओढली. "त्यायच्याच हातात राहू दे."